उजेडाकडे धरून

हरसूलच्या आश्रमशाळेतून शुक्रवारी स्वॅब येतात,
थर्मासात, बर्फाच्या पिशव्यांमध्ये.
नावं निळ्या पेनाने, अर्धी ओलीने पुसलेली.
मग मी गांगुर्डे सरांना फोन लावते :
सर, एकोणीस नंबर कोण?
मागून प्रार्थनेचा आवाज. ते म्हणतात, बघून सांगतो.

मेंढीच्या रक्ताच्या प्लेटवर मी एकेक घसा ओढते,
आम्ही असंच म्हणतो, घसा ओढला,
आणि रात्रभर उबेत झाकून ठेवते
विरजण लावल्यासारखं.
सकाळी प्लेट खिडकीशी.
टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका,
भोवती स्वच्छ वर्तुळ, तेवढं रक्त फस्त झालेलं.
त्या वर्तुळातून मला
त्र्यंबक रोडचा रिक्षा स्टँड दिसतो.

माझा नवरा नाशिकरोडच्या छापखान्यात नोटा तपासतो.
एकतीस वर्षं. कुणी आहेराचं पाकीट दिलं
तरी आतली नोट आधी उजेडाकडे.
त्याला एकदा म्हटलं, माझंही तेच काम.
जंतू एकच, मण्यांच्या माळेसारखा,
अंगात केसाळ कोट,
आणि कोटावरचा नंबर दर वेळी निराळा.
दोनशेच्या वर मोजलेत आजवर.
शरीर एक नंबर वहीत लिहून घेतं,
पुढच्या थंडीत दुसरा येतो,
वॉचमन त्याला सलाम ठोकतो.

"मग लस?" भाकरी मोडता मोडता त्याने विचारलं.

लस करणाऱ्यांनी तीस नंबर निवडले.
मोजणारे जिथे जास्त, तिथले तीस.
आमच्या शीतपेटीतल्या नव्वद नळ्यांपैकी
यादीत बसल्या एकेचाळीस.
काही तर पुण्याहून परत आल्या,
"टाइप ठरला नाही", खाली गोल शिक्का.

तो म्हणाला, नंबरावरून नोट ओळखतं का कुणी?
नंबर बदलणारच.
वॉटरमार्क बघावा,
कागद ओला असतानाच कागदात बसतो तो.

तेच बघतायत, म्हटलं. कोटाचं अस्तर,
जे सगळ्यांचं सारखं.
पण घाई करता येत नाही.
का, ते सांगायला मला यमुना भोये सांगावी लागली.

यमुना, वय तेरा.
दोन वर्षांपूर्वीचा घसा आपोआप बरा झाला, सगळे विसरले.
मग गुडघा सुजला. मग दुसरा.
मग विहिरीचा चढ चढताना धाप.
शरीराने जंतूचा चेहरा पाठ केला होता,
नको इतका पाठ,
आणि तो चेहरा थोडा हृदयासारखा होता.
खोटी समजून त्याने घरचीच नोट फाडायला घेतली,
झडपेच्या कडेपासून.
लशीने असलं काही शिकवून चालणार नाही.

बराच वेळ तो बोलला नाही.
मग म्हणाला, आमच्यात असल्या चुकीला मेमो मिळतो.

तोवर दर एकवीस दिवसांनी सुई.
यमुना एसटीने येते, पालथी पडते,
घट्ट पांढरं औषध जाड सुईतून सावकाश उतरतं,
आणि ती दातांत ओढणी धरून पुटपुटते :
एकवीस, बेचाळीस, त्रेसष्ट, चौऱ्याऐंशी.
सर सांगतात, एकवीसचा पाढा
अख्ख्या वर्गात हिला एकटीला येतो.

या शनिवारी लंगडत लॅबच्या दारात आली.
"मला बघू द्या ना एकदा."
झाकणाला चिकटपट्टी लावून प्लेट दिली.
तिने ती खिडकीकडे धरली, एक डोळा मिटून,
अगदी आमच्या ह्यांच्यासारखी.
"चांदाला खळं पडलंय," म्हणाली.
मग, "हे माझं?"

नाही. एकोणीस नंबर.
सरांचा फोन नुकताच येऊन गेला होता.
चिंतामण भोये, यत्ता तिसरी.

प्लेट तिने टेबलावर ठेवली, नीट, सरळ,
काठाला लागलेलं बोट फ्रॉकला पुसलं.
"मग त्याला औषध आजच द्या," म्हणाली,
"उद्या रविवार आहे."